आभासी वास्तवातील नाटक : प्रेक्षकाची नजर वळवायची कशी?

तिसरी घंटा होते, प्रेक्षागृहातील दिवे मंदावतात, पडदा सरकतो आणि काही क्षणांत शेकडो डोळे एकाच दिशेला लागतात. नाट्यगृहाच्या या रचनेची इतकी सवय झालेली आहे की, दिग्दर्शकाचे निम्मे काम तिनेच आधी करून ठेवलेले असते हे सहसा ध्यानात येत नाही. खुर्च्या रंगमंचाकडे तोंड करून पक्क्या बसवलेल्या असतात, अंधारात शेजारचा माणूस दिसेनासा होतो आणि रंगमंचाच्या चौकटीबाहेर पाहण्याजोगे काही उरत नाही. आभासी वास्तवातील, म्हणजेच व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीतील नाटकात ही चौकटच नाहीशी होते. डोक्यावर हेडसेट चढवलेला प्रेक्षक प्रसंगाच्या मधोमध उभा असतो. पुढे, मागे, वर, खाली सर्वत्र दृश्य असते. नायक उजवीकडे अखेरचे शब्द उच्चारत असताना प्रेक्षक डावीकडच्या भिंतीवरचे चित्र न्याहाळत राहिला, तर त्याला थोपवणारे कोणी नसते.

व्हीआर या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या या माध्यमात गेल्या दशकभरात ब्रिटन, अमेरिका, कॅनडा आणि स्वित्झर्लंडमधील नाट्यसंस्थांनी व नृत्यसंस्थांनी जे प्रयोग केले, त्यांत तंत्राच्या अडचणी हळूहळू सुटत गेल्या. नजरेचा प्रश्न मात्र प्रत्येक नव्या प्रयोगात पुन्हा समोर येतो. आजवरच्या अनुभवातून एक गोष्ट बऱ्यापैकी स्पष्ट झाली आहे : प्रेक्षकाची मान बळाने वळवण्याचे उपाय फारसे साधत नाहीत, त्याला वळून पाहण्याचे कारण देणारे उपाय साधतात. आणि ते कारण नाटकातूनच निघालेले असेल, तर उत्तम.

डोळ्याची आणि यंत्राची मर्यादा

मनुष्याच्या दोन्ही डोळ्यांना मिळून आडव्या दिशेत सुमारे २०० अंशांचा पट्टा दिसतो. त्यातला बारकाईने दिसणारा भाग फार लहान, जेमतेम दोन अंशांचा असतो. हात लांब करून अंगठ्याचे नख पाहावे, साधारण तेवढाच. उरलेल्या क्षेत्रात आकार पुसट असतात. हालचाल आणि प्रकाशातील बदल मात्र तेथे चटकन जाणवतात. आजचे बहुतेक हेडसेट ९० ते ११० अंशांचेच दृश्य दाखवतात. म्हणजे ३६० अंशांच्या जगातील दोनतृतीयांशाहून अधिक भाग कोणत्याही क्षणी प्रेक्षकाच्या नजरेआड असतो. त्यात प्रेक्षक खुर्चीवर बसलेला असेल तर मान वळवण्यालाही सीमा असते. एका बाजूला सुमारे ३० अंशांपर्यंत मान आरामात वळते आणि ५५ अंशांच्या पुढे ताण येऊ लागतो, असे आराखडा करणारे साधारणपणे धरून चालतात. फिरती खुर्ची दिली तर चित्र बदलते. पण ठीक पाठीमागे घडणाऱ्या प्रसंगाकडे, मुद्दाम बोलावल्याशिवाय, फार थोडे लोक वळतात.

चित्रपटाजवळ या अडचणीवर हुकमी उपाय होते. दिग्दर्शक कॅमेरा फिरवतो, जवळून दृश्य घेतो, एका चित्रचौकटीवरून दुसरीवर जातो. व्हीआरमध्ये कॅमेरा फिरवणे म्हणजे प्रेक्षकाचे डोके त्याच्या परवानगीवाचून फिरवणे होय. डोळे सांगतात की शरीर वळले. कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की वळले नाही. या विसंगतीने अनेकांना मळमळ आणि चक्कर येते. गूगलमध्ये व्हीआर चित्रपटांचे काम पाहणाऱ्या जेसिका ब्रिलहार्ट यांनी २०१६च्या सुमारास संकलनाची एक वेगळी पद्धत मांडली. पहिल्या दृश्याच्या शेवटी प्रेक्षकाची नजर बहुधा कोठे असेल याचा अंदाज बांधायचा आणि पुढच्या दृश्यातील महत्त्वाची गोष्ट नेमकी त्याच दिशेला ठेवायची. नजर ओढून आणण्याऐवजी ती जेथे असेल तेथे गोष्ट नेऊन ठेवण्याचा हा विचार होता. यात हिशेब संभाव्यतेचा असतो, खात्रीचा नसतो. नाटकवाल्यांनाही पुढे तेच पथ्य पाळावे लागले.

काजव्याचा प्रयोग

डेन्मार्कमधील आल्बोर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६मध्ये एक छोटी, परंतु पुष्कळ उल्लेखली गेलेली तुलना प्रसिद्ध केली. एकाच कथेच्या तीन आवृत्त्या प्रेक्षकांना दाखवण्यात आल्या. पहिलीत कोणतेही मार्गदर्शन नव्हते. दुसरीत महत्त्वाच्या घटनेच्या दिशेने प्रेक्षकाचे आभासी शरीरच आपोआप वळवले जात होते. तिसरीत दृश्याच्या जगातलाच एक काजवा उडत जाऊन वाट दाखवत होता. काजवा प्रेक्षकांना अधिक उपयोगी वाटला. शरीर वळवण्याच्या युक्तीने मात्र आपण त्या जागी प्रत्यक्ष आहोत ही भावना उणावण्याची शक्यता दिसली. हवेत तरंगणारा लाल बाण कदाचित काजव्यापेक्षाही अचूक ठरेल. परंतु बाण त्या जंगलातला नसतो, आणि तो दिसताच प्रेक्षकाला आपण यंत्र घालून बसलो आहोत याची आठवण होते.

काजव्याची ही कल्पना पुढे एका मोठ्या प्रयोगात उलट दिशेने वापरली गेली. रॉयल शेक्सपिअर कंपनीने मार्च २०२१मध्ये ‘ड्रीम’ हा प्रयोग पोर्ट्समथ येथील गिल्डहॉलमधून ऑनलाइन सादर केला. नटांच्या अंगावर मोशन कॅप्चरचे पोशाख होते आणि त्यांच्या हालचालींतून आभासी अरण्यातील पक व इतर पात्रे त्याच क्षणी साकारत होती. हे हेडसेटचे नाटक नव्हते. लोकांनी ते संगणकाच्या व फोनच्या पडद्यावर पाहिले. मात्र तिकीट काढलेल्या प्रेक्षकांना त्या अरण्यात काजव्यांच्या रूपाने प्रकाश पाडता येत होता आणि पकला वाट दाखवता येत होती. आल्बोर्गचा काजवा प्रेक्षकाला नेत होता. येथे प्रेक्षकच काजवे होऊन नटाला नेऊ लागले. आपण कोठे पाहतो यामुळे पुढे काहीतरी घडते असे कळले की प्रेक्षक अधिक जपून पाहतो, हा यातला मर्म.

आवाजाचे महत्त्व येथे वेगळे सांगायला हवे, कारण पाठीमागचे सांगणारे ते एकमेव साधन आहे. डाव्या कानाला आलेला आवाज उजव्या कानापर्यंत पोहोचण्यास लागणारा अवधी जास्तीत जास्त एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोनतृतीयांश इतका असतो. मेंदूला दिशा ओळखण्यास तेवढा फरक पुरतो. हेडफोनमधून हा फरक हुबेहूब निर्माण करता येतो आणि डोके वळले तरी आवाज आपल्या जागी स्थिर ठेवता येतो. दार करकरले, काच फुटली, कोणी नाव घेऊन हाक मारली की माणूस वळतोच. तरी नेमका समोरून आलेला आणि नेमका पाठीमागून आलेला आवाज यांत कानाची फसगत होते, म्हणून जाणते ध्वनिसंयोजक आवाज थोडा बाजूला ठेवतात किंवा हलता ठेवतात. ज्याला एका कानाने ऐकू येत नाही, त्याच्यासाठी हे सारे निरुपयोगी ठरते. अशा प्रेक्षकासाठी प्रकाशाची किंवा हालचालीची जोड नसेल तर त्याच्या हाती निम्मेच नाटक लागते, आणि या उणिवेकडे आजवर पुरेसे लक्ष गेलेले नाही.

स्थिरावण्याचा वेळ

फेसबुकच्या मालकीच्या ऑक्युलस कंपनीने चालवलेला ‘ऑक्युलस स्टोरी स्टुडिओ’ २०१७मध्ये बंद झाला. त्याने नाटक केले नाही, लहान ॲनिमेशनपट केले. परंतु त्याच्या अनुभवाचा लाभ पुढे नाटकवाल्यांनाही झाला. ‘लॉस्ट’ या २०१५मधील पहिल्या कृतीच्या वेळी एक साधी गोष्ट उघड झाली. हेडसेट घातल्यावर प्रेक्षकाला आधी नुसते इकडेतिकडे पाहायचे असते. त्या वेळात संवाद सुरू केला तर तो वाया जातो. म्हणून आरंभी घडण्याजोगे काही न ठेवता केवळ जागा दाखवायची, आणि काही घटना प्रेक्षकाने योग्य दिशेला पाहिल्यावरच सुरू करायच्या, असा मार्ग निघाला. तिसऱ्या घंटेला आणि नांदीला नाट्यगृहात जे स्थान असते, ते या मोकळ्या मिनिटाला आहे. गोष्ट अशी थांबून राहिल्याने काही चुकत नाही. मात्र ती फार थांबली तर लय बिघडते. त्यातून जिवंत नटांचा प्रयोग असेल तर एका प्रेक्षकासाठी इतरांना ताटकळत ठेवणे शक्य नसते.

त्याच संस्थेने आणखी एका अडचणीला ‘स्वेझी परिणाम’ असे गमतीदार नाव दिले. ‘घोस्ट’ या चित्रपटात पॅट्रिक स्वेझी यांनी रंगवलेला मृत नायक सर्वांमध्ये वावरतो, पण त्याची दखल कोणी घेत नाही. व्हीआरमधील प्रेक्षकाची अवस्था तशीच होते : तो प्रसंगाच्या मधोमध असतो आणि पात्रे जणू त्याच्या आरपार पाहत असतात. याच संस्थेच्या ‘हेन्री’ या कृतीतील साळिंदरासारखा छोटा नायक प्रेक्षकाच्या डोळ्यांत डोळे घालून पाहतो. त्या नजरेने प्रेक्षक खिळतो. पण हेन्री एकाकी आहे अशी कथा असताना तो पाहतो तरी कोणाकडे, हा प्रश्नही त्याबरोबर येतो.

भूमिका हाच उपाय

या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर रंगभूमीने दिले, आणि या विषयातील सर्वांत समृद्ध भाग हाच आहे. बॉस्टनच्या कॉमनवेल्थ शेक्सपिअर कंपनीने गूगलच्या सहकार्याने २०१९मध्ये ‘हॅम्लेट ३६०’ प्रसिद्ध केले. दिग्दर्शक स्टीव्हन मेलर यांनी हे प्रदीर्घ नाटक सुमारे एका तासात बसवले आणि प्रेक्षकाला हॅम्लेटच्या मृत पित्याची भूमिका दिली. युक्ती वरवर साधी दिसते. पण तिने एकाच वेळी अनेक गाठी सुटतात. भूत सर्वत्र असू शकते आणि कोणाला न दिसता सारे पाहू शकते, म्हणून पात्रांनी प्रेक्षकाकडे दुर्लक्ष करणे आता स्वाभाविक ठरते. ‘स्वेझी परिणाम’ हा दोष न राहता कथेचा भाग होतो. भूताला या घरात पाहण्याचे कारणही आहे : आपला खून झाला आहे, खुनी सिंहासनावर आहे, पत्नी त्याच्या शेजारी आहे आणि मुलगा सूड घेतो की नाही हे कळायचे आहे. अशा प्रेक्षकाला भिंतीवरच्या चित्रात फार काळ रमावेसे वाटत नाही. आणि हॅम्लेट पित्याच्या भूताशी बोलतो तेव्हा तो प्रेक्षकाशीच बोलत असतो. हा प्रयोग पूर्वचित्रित होता, त्यामुळे प्रेक्षकाने कोठेही पाहिले तरी नटांचा अभिनय बदलण्याची सोय त्यात नव्हती. ती उणीव भूमिकेच्या निवडीने बरीचशी झाकली.

जॉर्डन टॅनाहिल यांचे ‘ड्रॉ मी क्लोज’ हे याच्या दुसऱ्या टोकाचे काम. ब्रिटनचे नॅशनल थिएटर आणि कॅनडाचे नॅशनल फिल्म बोर्ड यांनी मिळून ते घडवले. २०१७मध्ये त्याचा आरंभीचा भाग चित्रपट महोत्सवांतून दाखवला गेला आणि २०१९मध्ये लंडनच्या यंग व्हिक नाट्यगृहात ते झाले. येथे एका वेळी एकच प्रेक्षक असतो आणि तो लेखकाच्या बालपणीच्या भूमिकेत असतो. हेडसेटमध्ये रेखाचित्रासारखे काळ्या रेघांचे घर दिसते. आई त्या रेघांतूनच साकारते. पण मोशन कॅप्चरचा पोशाख घातलेली नटी त्याच खोलीत प्रत्यक्ष असते. आभासी आई मिठी मारते तेव्हा प्रेक्षकाला खरी मिठी बसते. स्पर्श झाल्यावर नजर आणखी कोठे जाणार? कर्करोगाने ग्रासलेल्या आईची ही आठवण आहे. तेथे बाण किंवा प्रकाशझोत वापरला असता तर तो उर्मटपणा वाटला असता. अर्थात एका नटीमागे एक प्रेक्षक हा हिशेब कोणत्याही नाट्यव्यवसायाला परवडणारा नाही, हेही तितकेच खरे.

करोनाच्या साथीत नाट्यगृहे बंद असताना अमेरिकेतील ‘टेंडर क्लॉज’ या संस्थेने ‘द अंडर प्रेझेंट्स’ या आपल्या व्हीआर कृतीत शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’वर आधारलेला प्रयोग २०२०मध्ये सुरू केला. एक नट आपल्या घरून हेडसेट घालून येई आणि मोजक्या प्रेक्षकांना घेऊन तो प्रयोग करी. प्रेक्षकांना तेथे बोलता येत नसे. त्यांच्या चेहऱ्यावर मुखवटा असे आणि चुटकी वाजवणे हीच त्यांची भाषा. या नियमाने गोंगाट टळला आणि नटाचा शब्द हाच एकमेव शब्द उरला. तो प्रेक्षकांना पात्रे वाटून देई, त्यांच्याकडून प्रसंग करून घेई. कोणी भरकटला तर त्याच्याकडे वळून त्यालाच एखादे काम सांगे. पूर्वचित्रित प्रयोगाला हे कधीच जमणारे नाही : कोण कोठे पाहत आहे हे पाहून नट आपले पुढचे वाक्य बदलतो. कियारा बेन्झिंग यांच्या ‘फाइंडिंग पँडोरा एक्स’मध्ये प्रेक्षक ग्रीक नाटकातील समूहगायकांच्या, म्हणजे कोरसच्या भूमिकेत होते. २०२०च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवाच्या व्हीआर विभागात त्याला पुरस्कार मिळाला. कोरसचे प्राचीन काम पाहणे आणि पाहिलेल्यावर बोलणे हेच असल्यामुळे प्रेक्षकाला ही भूमिका सहज पेलते.

आकारमानाचा उपयोगही नोंदण्यासारखा आहे. स्विस नृत्यरचनाकार जिल जोबँ यांच्या २०१७मधील ‘व्हीआर-आय’मध्ये पाच प्रेक्षक एकाच वेळी आभासी अवतार घेऊन एकाच अवकाशात फिरतात आणि त्यांच्याभोवती कधी महाकाय, कधी बोटभर उंचीचे नर्तक येतात. राक्षसाएवढा माणूस डोकावला की सगळे वर पाहतात. पायाशी इवला नर्तक आला की सगळे वाकतात. शिवाय प्रेक्षक एकमेकांना दिसत असतात. चौघे एका दिशेला पाहू लागले की पाचवाही तिकडेच पाहतो. रस्त्यावरच्या गर्दीचा हा नियम आभासी जगातही तसाच लागू पडतो.

चौकटीआधीचे नाटक

चौकटीवाचून नाटक करणे भारतीय रंगपरंपरेला नवे नाही. काशीसमोरच्या रामनगरची रामलीला सुमारे महिनाभर चालते आणि अयोध्या, जनकपूर, लंका ही स्थळे गावभर, मैलोगणती अंतरावर पसरलेली असतात. हजारो लोक लीलेच्या मागे चालत जातात. विजेचे दिवे नाहीत, ध्वनिक्षेपक नाही. संवाद सुरू होण्यापूर्वी व्यास मोठ्याने गर्दीला सावध करतात, आणि आरतीच्या वेळी उजळणाऱ्या ज्योतींच्या प्रकाशात सर्वांची दृष्टी एका जागी येते. आवाज, मग शांतता, मग प्रकाश : आजचे व्हीआर दिग्दर्शक जो क्रम प्रयोगशाळेत तपासतात, तो तेथे पिढ्यान्‌पिढ्या पाळला जात आहे.

मराठी रंगभूमीवरचे उदाहरण चौकटीच्या आतले आहे, तरी ते येथे बोलके ठरते. विजय तेंडुलकर यांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग डिसेंबर १९७२मध्ये पुण्यात झाला. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या प्रयोगात गाणाऱ्या-डोलणाऱ्या माणसांची रांग हाच पडदा होता. ती रांग काय दाखवायचे आणि काय झाकायचे ते ठरवत असे, आणि ती फुटली की नजर आपोआप फटीतून आत जाई. यंत्राची मदत नसताना नजर वळवण्याचे साधन माणसांचेच केले होते. ‘अभिनयदर्पण’ या संस्कृत ग्रंथात हात, दृष्टी, मन, भाव आणि रस यांची साखळी सांगितली आहे. ती नर्तकासाठी असली तरी पाहणाऱ्यालाही लागू पडते, कारण समोरचा माणूस ज्या दिशेला पाहतो त्या दिशेला पाहण्याची ओढ मनुष्याला उपजत असते. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४मध्ये ॲनिमेशन, गेमिंग, विस्तारित वास्तव आदी क्षेत्रांसाठी मुंबईत राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र उभारण्यास मंजुरी दिली आहे. हेडसेटसाठी लिहू पाहणाऱ्या नव्या पिढीने संगणकप्रणालीबरोबर या जुन्या विद्येचीही ओळख करून घ्यायला हरकत नाही.

निसटलेले दृश्य, नोंदलेली नजर

इतके करूनही काही ना काही निसटतेच. पंचड्रंक या ब्रिटिश संस्थेच्या ‘स्लीप नो मोअर’ने, जे हेडसेटचे नव्हे तर प्रत्यक्ष इमारतीतले नाटक होते, हे वास्तव मोकळेपणाने स्वीकारले. न्यूयॉर्कमध्ये २०११ ते जानेवारी २०२५पर्यंत चाललेल्या या प्रयोगात मुखवटे घातलेले प्रेक्षक मजल्यामजल्यांवर मनास येईल तसे फिरत. सारा घटनाक्रम एका रात्रीत तीनदा होई आणि अखेरच्या मेजवानीच्या प्रसंगी नट सर्वांना एका दालनात आणून सोडत. निसटलेले पुन्हा पाहण्याची संधी आणि शेवट मात्र सर्वांचा एक, असा हा तोडगा होता. व्हीआरमधील अनेक लेखकांनी त्यावरून एक व्यवहार्य नियम घेतला आहे : ज्यावाचून कथा कळणार नाही ती गोष्ट केवळ दृश्यात ठेवायची नाही, ती शब्दांतही आणायची, आणि जे केवळ दृश्यात आहे ते निसटले तरी चालेल असेच ठेवायचे.

यापुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे. २००९मध्ये संगणक-चित्रशास्त्राच्या संशोधकांनी एक सूक्ष्म तंत्र दाखवून दिले. दृष्टीच्या कडेला एखादा ठिपका किंचित लुकलुकवायचा आणि डोळा तिकडे वळू लागताच लुकलुक थांबवायची. नजर हलते, पण ती कशाने हलली हे पाहणाऱ्याला बहुधा कळत नाही. त्यासाठी डोळ्यांचा क्षणोक्षणी मागोवा घेणारे यंत्र लागते, आणि तसे यंत्र २०२२च्या मेटा क्वेस्ट प्रोमध्ये, २०२३च्या प्लेस्टेशन व्हीआर-२मध्ये व २०२४च्या ॲपल व्हिजन प्रोमध्ये बसवलेले आहे. नाटकवाल्यांना याचा मोठा उपयोग आहे. तालमीला बोलावलेल्या प्रेक्षकांच्या नजरा कोठे गेल्या, कोणता संवाद कोणीच पाहिला नाही, कोणत्या क्षणी सारे खिडकीकडेच बघत राहिले, हे नकाशासारखे मांडता येते आणि प्रसंग पुन्हा बसवता येतो.

परंतु माणूस कोठे, किती वेळ आणि कशानंतर पाहतो ही त्याच्याविषयीची फार खासगी माहिती आहे. नाट्यगृहातील अंधारात ती कोणाच्या हाती लागत नव्हती. वापरणारा निवड करण्यापूर्वी कोठे पाहत होता याची माहिती ॲपच्या निर्मात्यांना दिली जात नाही, असे ॲपलचे धोरण आहे. सर्वच उत्पादकांची व्यवस्था अशी एकसारखी नाही. भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३मध्ये संमत झाला असून, माहिती घेण्यापूर्वी तिचा हेतू स्पष्ट सांगणे आणि संमती घेणे हे त्याचे मुख्य सूत्र आहे. नजरेची नोंद ठेवणाऱ्या नाट्यसंस्थेला ही संमती प्रयोग सुरू होण्याआधी, हेडसेट प्रेक्षकाच्या हाती देतानाच घ्यावी लागेल.